शेना जॅक, मॅडिसिन कॉक्स आणि एका बाटलीचा फरक

निळाशार

पॅरिस ऑलिंपिकच्या पहिल्याच रात्री ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी ४ x १०० मीटर फ्रीस्टाइल रिले ३:२८.९२ अशा ऑलिंपिक विक्रमासह जिंकली. मॉली ओ'कॅलहन, शेना जॅक, एमा मॅकिऑन आणि मेग हॅरिस. यातल्या शेना जॅकबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. तिचं सुवर्णपदक सगळ्यांनी पाहिलं, पण त्याआधीची पाच वर्षं फारशी कोणी पाहिली नाहीत, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

२०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत याच रिलेत ३:३०.०५ असा विश्वविक्रम झाला. त्या चौघींमध्ये ती होती, वय १९. पुढच्या वर्षी ग्वांगजूला जागतिक स्पर्धा आणि त्यानंतर टोकियो. स्प्रिंट पोहणाऱ्या मुलीला याहून चांगलं वय आणि याहून चांगला संघ मिळणं कठीण.

२६ जून २०१९ला स्पर्धेबाहेरची डोप टेस्ट झाली. जुलैमध्ये संघ जपानमध्ये सराव करत असताना कळवण्यात आलं की नमुन्यात लिगँड्रॉल (स्नायू वाढवणारं निषिद्ध द्रव्य) सापडलं आहे. ती घरी परतली. बाहेर कारण दिलं गेलं 'वैयक्तिक'. त्याच आठवड्यात ग्वांगजूला तिचा देशबंधू मॅक हॉर्टन उत्तेजक प्रकरणात अडकलेल्या चीनच्या सुन यांगसोबत पोडियमवर उभं राहायला नकार देत होता, आणि जगभरची वर्तमानपत्रं ऑस्ट्रेलियन जलतरणाच्या स्वच्छतेबद्दल लिहीत होती. आठवड्याभरात जॅकची बातमी फुटली. तेव्हा तिच्यावर जे काही लिहिलं गेलं ते इथे परत लिहायची इच्छा नाही.

आता तारखा ओळीने लावून पाहा. आधी चार वर्षांची बंदी. ती क्रीडा लवादाकडे, म्हणजे कॅसकडे गेली. नोव्हेंबर २०२०मध्ये कॅसने मान्य केलं की तिने जाणूनबुजून काही घेतल्याचं दिसत नाही, आणि बंदी दोन वर्षांवर आणली, १२ जुलै २०१९पासून मोजून. म्हणजे ती संपणार जुलै २०२१मध्ये. ऑस्ट्रेलियाची ऑलिंपिक निवड चाचणी ॲडलेडला झाली १२ ते १७ जून २०२१. टोकियोतलं जलतरण सुरू झालं २४ जुलैला. बंदी संपली तेव्हा ऑलिंपिकला जेमतेम बारा दिवस होते, आणि संघात जायचा दरवाजा महिन्याभरापूर्वीच बंद झाला होता.

त्यातही वाडा (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) आणि ऑस्ट्रेलियाची स्वतःची उत्तेजकविरोधी संस्था या दोघांनी 'दोन वर्षं कमी आहेत, चारच हवीत' म्हणून अपील केलं होतं. त्याचा निकाल लागला सप्टेंबर २०२१मध्ये. दोन वर्षंच कायम राहिली. म्हणजे बंदीचा काळ सरल्यावरही ती मोकळी नव्हती, कारण आणखी दोन वर्षं कधीही डोक्यावर येऊ शकत होती. टोकियोत त्याच रिलेत ऑस्ट्रेलियाने ३:२९.६९ असा विश्वविक्रम करून सुवर्ण जिंकलं, तिच्याशिवाय.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण 'किती वर्षांची बंदी' यावर वाद घालतो. पोहणाऱ्याच्या आयुष्यात निकालाची तारीखच शिक्षेइतकी मोठी असते. तिचं प्रकरण सहा महिने आधी निकाली निघालं असतं तरी बंदी तेवढीच राहिली असती, हे मला मान्य आहे. पण ज्या व्यक्तीने जाणूनबुजून केलं नाही असं तुम्हीच म्हणता, तिला सव्वादोन वर्षं लोंबकळत ठेवणं हे त्याच व्यवस्थेचं अपयश आहे.

---

लेन_चार

छान लिहिलंय. एक गोष्ट लोकांना कळत नाही, ती जोडते. बंदी म्हणजे फक्त स्पर्धा बंद असं नसतं. क्लबच्या तुकडीबरोबर सराव बंद, संघाच्या प्रशिक्षकाकडून शिकणं बंद, संघाचा फिजिओ बंद. नियमाप्रमाणे शिक्षेच्या शेवटच्या दोन महिन्यांत किंवा शेवटच्या चतुर्थांश काळात, यातला जो कमी असेल त्यात, संघाबरोबर सरावाला परत येता येतं. त्याआधी एकटीनेच पोहायचं.

एकटं पोहणं म्हणजे काय, हे ज्याने सकाळच्या सेटमध्ये शेजारच्या लेनचे पाय पाहत स्वतःला ओढलंय त्यालाच कळेल. शंभर मीटरची मुलगी वेळेवर जगते. शेजारी कोणी नसेल तर घड्याळ असूनही वेग हाती लागत नाही. दोन वर्षांनी परत येऊन २०२२मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेसाठी संघात निवड होणं हीच माझ्या दृष्टीने तिची सगळ्यात मोठी कामगिरी आहे. आणि तिथे रिलेचं सुवर्ण मिळाल्यावर वॉर्मअपमध्ये हात मोडला! तरी पुढच्याच वर्षी फुकुओकाला ५० मीटरमध्ये सारा शोस्ट्रॉमच्या मागे रौप्य, आणि रिलेत ३:२७.९६चा विश्वविक्रम.

---

उलटतपासणी

लेख मनापासून लिहिलाय, पण दुसरी बाजू मांडणं गरजेचं वाटतं.

कॅसने तिला 'निर्दोष' म्हटलेलं नाही. कॅसने म्हटलं ते असं, की हेतू नसण्याची शक्यता असण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त आहे. या दोन्हींत खूप अंतर आहे. नियम असा आहे की शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूची, मग ते कसंही आलेलं असो. हा नियम कठोर आहे आणि तो कठोरच असायला हवा. कारण 'मला माहीत नाही कुठून आलं' हे वाक्य निष्पाप माणूसही म्हणतो आणि सराईतही म्हणतो, अगदी त्याच चेहऱ्याने. ते वाक्य ऐकून सोडून द्यायचं ठरवलं तर उद्यापासून सगळे तेच म्हणतील.

लिगँड्रॉलसारख्या द्रव्याला सुरुवातच चार वर्षांपासून होते. 'जाणूनबुजून नाही' हे खेळाडूने पटवलं तर दोन. दोनच्या खाली जायचं असेल तर द्रव्य शरीरात कुठून आलं हे दाखवावं लागतं. जॅकला ते दाखवता आलं नाही, म्हणून ती बरोबर दोनवर थांबली. यात लवादाने मेहेरबानीही केली नाही आणि अन्यायही केला नाही, नियम लावला.

---

निळाशार

@उलटतपासणी, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. 'कुठून आलं' यावरच सगळं फिरतं, म्हणून तर शीर्षकात मॅडिसिन कॉक्सचं नाव घेतलं. तिच्याबद्दल वेगळा प्रतिसाद लिहितो, तो लांब होईल.

कॉक्स ही अमेरिकेची मेडले (एकाच शर्यतीत चारही प्रकार) पोहणारी. २०१७च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत २०० मीटर वैयक्तिक मेडलेचं कांस्य. २०१८च्या सुरुवातीला तिच्या नमुन्यात ट्रायमेटॅझिडिन सापडलं. हे हृदयविकाराचं औषध आहे. हेही चार वर्षांच्या गटातलं. फिनाच्या (आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाच्या) समितीने तिचं बोलणं प्रामाणिक मानलं आणि दोन वर्षं दिली. इथपर्यंत जॅकचीच गोष्ट आहे.

पण कॉक्सने शोध सोडला नाही. ती अनेक वर्षं एक साधं मल्टिव्हिटॅमिन घेत होती. त्याची वापरातली बाटली आणि त्याच लॉटची सीलबंद बाटली, दोन्ही सॉल्ट लेक सिटीच्या वाडा-मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या. दोन्हीत ट्रायमेटॅझिडिन निघालं. कॅसने बंदी सहा महिन्यांवर आणली. सप्टेंबर २०१८मध्ये ती परत पाण्यात.

जॅकच्या आणि कॉक्सच्या खरेपणात मला फरक दिसत नाही. दोघींचं म्हणणं मान्य झालं. एकीला दोन वर्षं, एकीला सहा महिने. मधला फरक एक बाटली सापडण्याचा.

आणि सहा महिन्यांत ती स्वस्तात सुटली असं समजू नका. त्या उन्हाळ्यातली अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा आणि पॅन पॅसिफिक हुकल्या, आणि अमेरिकेचा २०१९च्या जागतिक स्पर्धेचा संघ त्याच दोन स्पर्धांवरून निवडला होता. म्हणजे सहा महिन्यांच्या बंदीने पुढच्या वर्षीची जागतिक स्पर्धाही नेली. मग २०२१ची ऑलिंपिक निवड चाचणी: ॲलेक्स वॉल्श २:०९.३०, केट डग्लस २:०९.३२, मॅडिसिन कॉक्स २:०९.३४. पहिल्या दोघी टोकियोला गेल्या.

---

मुक्तछंद

०.०२ सेकंद... हे वाचून खरंच गलबलून आलं.

---

रसायनी

मी औषधांच्या विश्लेषणात काम करते (खेळाशी संबंध नाही, पण मशीन तीच). थोडं प्रमाणाबद्दल.

कॉक्सच्या नमुन्यातलं प्रमाण मिलीलीटरला ०.१ नॅनोग्रॅमच्या आसपास होतं. नुसता आकडा ऐकून डोळ्यासमोर काही येत नाही, म्हणून तुमच्याच तलावात मोजू. ५० मीटर लांब, २५ रुंद, २ खोल. म्हणजे २,५०० घनमीटर, २५ लाख लीटर पाणी. त्या सगळ्या पाण्यात मिलीलीटरला ०.१ नॅनोग्रॅम असं प्रमाण यायला पाव ग्रॅम पदार्थ लागेल. चिमूटभर. एवढं आजची यंत्रं शोधू शकतात.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी निघतो आणि लोक सोयीचा एकच घेतात. इतक्या कमी प्रमाणाचा त्या क्षणी शरीराला काही उपयोग नाही, हे खरं. पण तेच प्रमाण मोठा डोस घेऊन बरेच दिवस उलटल्यावर उरलेल्या शेपटीचंही असू शकतं. यंत्र फक्त 'आहे' आणि 'किती' एवढं सांगतं. 'चढतंय की उतरतंय', 'गोळीतून आलं की भेसळीतून' हे एका नमुन्यावरून कळत नाही. त्यासाठी आधीचे-नंतरचे नमुने आणि बाकीचा पुरावा लागतो.

लिगँड्रॉलबद्दलही सांगते. हे स्टेरॉइड नाही, पण स्नायूंमधल्या त्याच रिसेप्टरला जाऊन चिकटतं. स्नायू झिजण्याच्या आजारांसाठी त्यावर संशोधन चालू होतं, औषध म्हणून मान्यता मिळालेली नाही. तरी ऑनलाइन सर्रास विकलं जातं, आणि ज्या कारखान्यात ते भरतात तिथेच दुसरी पावडरही भरली जात असेल तर यंत्र न धुता पुढचा लॉट सुरू झाला की झालं. औषधांच्या कारखान्यात दोन बॅचच्या मधे सफाई तपासून, सही करून पुढे जावं लागतं. सप्लिमेंटच्या बाबतीत तेवढी कडक शिस्त बहुतेक ठिकाणी नाही.

---

लेन_चार

@रसायनी, हे पाव ग्रॅमचं गणित जपून ठेवते, माझ्या मुलांना सांगायला (म्हणजे मी शिकवते ती मुलं).

ज्यांनी टेस्ट कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी: शर्यत संपली की ओल्या अंगानेच एक बाई शेजारी येऊन उभी राहते, कागदावर सही घेते आणि तिथून पुढे नजरेआड होऊ देत नाही. कूलडाउनला गेलात तर ती काठाकाठाने चालते. मग खोलीत सीलबंद भांड्यांमधून एक तुम्ही निवडायचं. लघवी देताना शर्ट छातीपर्यंत वर, खालचं गुडघ्यापर्यंत खाली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि ती समोर. किमान ९० मिलीलीटर लागतात. घाम गाळून आलेल्या शरीरातून ते निघत नाही. पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या प्यायच्या आणि बसायचं. फार प्यायलं तर नमुना पातळ होतो आणि परत द्यावा लागतो. मग बाटल्या. आधी 'बी' बाटलीत, मग 'ए' बाटलीत, ओतायचं स्वतःच्याच हाताने. झाकण फिरवलं की टकटक आवाज येत घट्ट बसतं, ते परत उघडत नाही. क्रमांक तीनदा ताडून पाहायचा.

शेवटी फॉर्म. गेल्या सात दिवसांत काय काय घेतलं ते लिहा. पहिल्यांदा भरला तेव्हा पेन हातात धरून बसले होते, की घशाची गोळी लिहायची की नाही. लिहायची. सगळं लिहायचं.

---

जुनाजाणता

लेन_चार यांनी फॉर्मचा विषय काढलाच आहे तर रिक डिमॉन्टची आठवण काढल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. तरुण मंडळींना नाव ठाऊक नसेल.

१९७२, म्युनिक. १६ वर्षांचा मुलगा, दम्याचा जुना रुग्ण. ४०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅड कूपरला हरवलं, ४:००.२६ विरुद्ध ४:००.२७. एक शतांश! नमुन्यात एफेड्रिन निघालं, त्याच्या दम्याच्या औषधातलं. ते औषध आपण घेतो हे त्याने अमेरिकन संघाच्या वैद्यकीय फॉर्मवर लिहून दिलं होतं. पुढची परवानगी बघण्याचं काम ज्या मोठ्या माणसांचं होतं त्यांनी ते केलं नाही. सुवर्ण काढून घेतलं. एवढ्यावर थांबलं नाही. १५०० मीटरचा विश्वविक्रम त्याच्या नावावर होता, त्या अंतिम शर्यतीतही त्याला उतरू दिलं नाही.

पुढच्याच वर्षी बेलग्रेडला पहिली जागतिक स्पर्धा झाली. ४०० मीटर, परत कूपर शेजारी. डिमॉन्ट ३:५८.१८. चार मिनिटांच्या आत ४०० मीटर पोहणारा पहिला माणूस. त्या मुलाने मनात काय भरून पाण्यात उडी घेतली असेल!

२००१मध्ये अमेरिकन ऑलिंपिक समितीने मान्य केलं की त्याची वैद्यकीय माहिती आपण नीट हाताळली नाही. २९ वर्षांनी. आंतरराष्ट्रीय समितीने पदक मात्र परत दिलेलं नाही. तो पुढे ॲरिझोना विद्यापीठात नावाजलेला प्रशिक्षक झाला आणि जलरंगात चित्रं काढतो.

निळाशार, तुमच्या तारखांच्या मुद्द्याला हे जोडा. जॅकला सव्वादोन वर्षं लागली म्हणून आपण हळहळतो. डिमॉन्टला अर्धा कबुलीजबाब मिळायला पाव शतक उलटून गेलं.

---

उलटतपासणी

जुनाजाणता, डिमॉन्टच्या बाबतीत मी शंभर टक्के तुमच्या बाजूने. तिथे खेळाडूने आपलं काम केलं होतं.

पण मी कठोर नियमाच्या बाजूने का आहे याचं उत्तर त्याच दशकात आहे. १९७६, माँट्रियल. महिलांच्या १३ पैकी ११ जलतरण सुवर्णपदकं पूर्व जर्मनीला. सरकारी योजनेने, स्टेरॉइडच्या निळ्या गोळ्या देऊन. अमेरिकेची शर्ली बाबाशॉफ तिथे चार रौप्यं घेऊन परतली आणि तिने शंका बोलून दाखवली तर तिलाच खिलाडूवृत्ती नसलेली ठरवलं गेलं. शेवटच्या रिलेत तिच्या संघाने सुवर्ण मिळवलं, तेवढंच. त्या चार रौप्यांची सुवर्णं आजवर झालेली नाहीत. तिचं करिअरही 'डोपिंग प्रकरणाने बाधित' आहे, आणि तिने तर आयुष्यात काही घेतलंच नव्हतं. अशा माणसांसाठी कोणी धागा काढत नाही.

---

रसायनी

पण पूर्व जर्मनीच्या त्या मुलींनाही गोळ्या जीवनसत्त्वं म्हणून दिल्या जात होत्या! कित्येकींना पुढे आयुष्यभराचे आजार झाले. बर्लिनच्या खटल्यात तिथले क्रीडाप्रमुख मॅनफ्रेड एवाल्ड आणि क्रीडावैद्यक डॉ. मॅनफ्रेड ह्योप्नर दोषी ठरले ते २०००मध्ये, तेही स्थगित शिक्षा. तिथलीच जलतरणपटू पेट्रा श्नायडर, तिने तर स्वतःचा विक्रम पुसून टाका अशी मागणी केली होती.

मला वाटतं इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जात आहेत. निकाल टिकवायचा का, हा एक. माणूस लबाड आहे का, हा दुसरा. माँट्रियलचे निकाल चुकीचे होते आणि त्या मुली लबाड नव्हत्या, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. आजचा नियम पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट देतो: द्रव्य सापडलं, निकाल रद्द. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तो वर्षांच्या आकड्यात देतो, आणि बाहेरचा माणूस तो आकडा म्हणजेच लबाडीचं माप समजतो.

---

लेन_चार

@रसायनी +१. हे मला कधी इतकं स्वच्छ मांडता आलं नसतं.

---

काठावरून

आतापर्यंत वाचत होते. एक विचारू का? ज्यांच्या पाठीशी संघटना किंवा देश उभा राहतो त्यांचं काय होतं? कारण जॅकला वकिलांच्या खर्चासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली असं वाचलं होतं.

---

निळाशार

@काठावरून, बरोबर वाचलंत, तिने ऑनलाइन मदत मागितली होती.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे चीनच्या २३ जलतरणपटूंचं प्रकरण. डिसेंबर २०२०च्या अखेरीपासून जानेवारी २०२१च्या सुरुवातीपर्यंत शीजियाझुआंगला एक राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथे २३ जणांच्या नमुन्यांत ट्रायमेटॅझिडिन सापडलं. कॉक्सचंच द्रव्य. चीनच्या उत्तेजकविरोधी संस्थेने निष्कर्ष काढला की हॉटेलच्या स्वयंपाकघरातून ते अन्नात गेलं. कोणालाही तात्पुरतं निलंबित केलं नाही, नावं जाहीर केली नाहीत, आणि वाडाने अपील केलं नाही. त्यांतले काही टोकियोत पोहले, पदकंही जिंकली. जगाला हे कळलं ते एप्रिल २०२४मध्ये, न्यूयॉर्क टाइम्स आणि जर्मनीच्या एआरडी वाहिनीमुळे. त्या २३ पैकी ११ जण पॅरिसच्या संघातही होते.

ते २३ जण दोषी आहेत असं मी म्हणत नाही. अन्नातून गेलंही असेल. वाडाने नेमलेल्या एरिक कोटिए या माजी सरकारी वकिलांनी पक्षपात झाला नाही असाच अहवाल दिला. मला खटकतं ते हे: २०२१च्या त्याच उन्हाळ्यात, एकीकडे वाडा जॅकची दोन वर्षं चार करावीत म्हणून लढत होती आणि दुसरीकडे या २३ जणांचा विषय मिटलेला होता. जॅकला स्रोत सापडला नाही म्हणून दोन वर्षं. इथे स्रोत म्हणून स्वयंपाकघर दाखवलं, पण औषध त्या स्वयंपाकघरात पोचलं कसं हे कधीच पुढे आलं नाही, तरी शून्य दिवस. मग खेळाडूने काय समजायचं?

---

उलटतपासणी

या मुद्द्यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. नियमानुसार त्या द्रव्याला तात्पुरतं निलंबन अनिवार्य होतं. खेळाडूंना निर्दोष ठरवायचं होतं तरी ते जाहीर प्रक्रियेतून व्हायला हवं होतं. कठोर नियमाची ताकद तो सगळ्यांना सारखा लागण्यात असते. ती गेली तर माझ्या वरच्या सगळ्या युक्तिवादाचा पायाच जातो.

सुन यांगचं प्रकरण याच्या उलट टोकाचं. तिथे २०१८च्या रात्रीच्या टेस्टमध्ये रक्ताच्या कुपीचं आवरण हातोडीने फोडलं गेलं, आणि २०२०मध्ये आठ वर्षांची बंदी आली. मग लवादातल्या एका सदस्याच्या जुन्या ट्वीट्समुळे स्विस न्यायालयाने तो निकालच रद्द केला. फेरसुनावणीत चार वर्षं तीन महिने. त्याच्या वागण्याबद्दल मला सहानुभूती नाही, पण पक्षपाती वाटणारा लवाद नको हा न्यायालयाचा आग्रह योग्यच होता.

---

मुक्तछंद

कोरियाच्या पार्क ते-ह्वानबद्दल कोणी लिहिलं नाही? बीजिंगमध्ये ४०० मीटरचं सुवर्ण जिंकलेला. २०१४मध्ये एका दवाखान्यात टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं गेलं, १८ महिने बंदी, आणि इंचेऑन आशियाई स्पर्धेतली सगळी पदकं गेली. ज्या तलावात ती जिंकली त्या तलावाला त्याचंच नाव होतं.

---

जुनाजाणता

हो, आणि बंदी संपल्यावर कोरियन ऑलिंपिक समितीने स्वतःचा वेगळा नियम पुढे करून आणखी तीन वर्षं संघाबाहेर ठेवायचा घाट घातला होता. तो कॅसमध्ये जिंकून रिओला गेला, पण अंतिम फेरी गाठू शकला नाही. डॉक्टर विचारल्याशिवाय काही देत असेल तर हात मागे घ्यायचा, हे त्या प्रकरणातून प्रत्येक मुलाला शिकवायला हवं.

---

काठावरून

आता मूळ कारण सांगते. माझी मुलगी १४ वर्षांची आहे, वयोगटाच्या स्पर्धांमध्ये पोहते. तिच्या ग्रुपमधल्या बऱ्याच मुली प्रोटीन पावडर घेतात आणि तिलाही हवी आहे. शिवाय तिला दमा आहे, इनहेलर लागतो. डिमॉन्टचं वाचून पोटात गोळा आला. काय काळजी घेऊ?

---

रसायनी

ताई, आधी पावडर. १४ व्या वर्षी तिची गरज आहे का हे आहारतज्ज्ञाला विचारा, बहुतेक वेळा जेवणातून भागतं. घ्यायचीच झाली तर लॉटनिहाय स्वतंत्र तपासणी झालेलीच घ्या, 'नैसर्गिक' असं लिहिलंय म्हणून नाही. आणि कॉक्सचं लक्षात ठेवा: डब्यावरच्या लॉट क्रमांकाचा फोटो, बिल, आणि शक्य असेल तर त्याच लॉटचा एक न उघडलेला डबा ठेवून द्या. रिकामा डबाही लगेच टाकू नका. मैत्रिणीचा शेकर वापरू नको असं मुलीला सांगा.

---

उलटतपासणी

कायद्याच्या बाजूने एक दिलासा. १६ वर्षांखालच्या खेळाडूंना नियमात 'संरक्षित व्यक्ती' मानलं आहे. मोठ्या खेळाडूला शिक्षा दोन वर्षांच्या खाली आणायला स्रोत दाखवावाच लागतो, तशी अट त्यांना नाही. शिक्षा ठरवताना वयाचाही विचार होतो. पण निकाल रद्द होतोच, आणि चौकशीही होते.

---

लेन_चार

इनहेलरचं मी सांगते, माझ्याकडच्या दोन मुलांना आहे. साल्ब्युटामॉल श्वासातून घेतलं तर चालतं, वेगळी परवानगी लागत नाही. मर्यादा २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, आणि कुठल्याही ८ तासांत ६०० च्या वर नाही. साधारण एका फवाऱ्यात १०० असतात, त्यावरून मोजा. तेच औषध गोळीतून किंवा सिरपमधून चालत नाही, हे फार लोकांना माहीत नसतं! टर्ब्युटालीनचा इनहेलर असेल तर आधी टीयूई (उपचारासाठी निषिद्ध औषध वापरायची परवानगी) घ्यावी लागते. आणि दम्याचा मोठा झटका आल्यावर डॉक्टर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात, त्या स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहेत. झटका आला तर गोळ्या द्याच, जीव आधी. पण डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्या आणि टीयूईचा अर्ज लगेच करा, नंतरही करता येतो.

---

काठावरून

तिच्या प्रिस्क्रिप्शनवर साल्ब्युटामॉलच आहे, पण खोकल्यासाठी अधूनमधून एक सिरप देतो त्याचं लेबल आत्ता पाहिलं. त्यात टर्ब्युटालीन आहे.

---

लेन_चार

ते बंद करा आणि उद्याच डॉक्टरांना दाखवून दुसरं लिहून घ्या. पुढची स्पर्धा कधी आहे?